बोळा

एकतीस मेला डेपोत मला शाल आणि नारळ.
त्याआधी दोन पगार.
फंडाचं काय, तो हप्त्याहप्त्यानं येतो,
पुढं गेलेल्यांनी सांगून ठेवलंय.
म्हणून घ्यायचं ते आत्ताच.

शालनची यादी : पत्र्याची चार पानं,
पाण्याची टाकी, गुडघ्याचा पट्टा.
माझी मी वेबिलाच्या पाठीवर लिहिली :
दारू, केपा, शिसं.
बोळ्यांची सोय आधीच झालीय, ते नंतर सांगतो.

बंदूक आबांची. ठासणीची.
लायसनवर ‘पीक संरक्षण’, खाली आबांचं नाव,
त्यावर काट, आणि मग माझं.
दर निवडणुकीला भुदरगडच्या ठाण्यात जमा,
निकाल लागला की परत.
माझ्यापेक्षा तिनंच राजकारण जास्त बघितलंय.

शिकलगारांच्या दुकानात कधी रेटारेटी नसते.
त्यांनी माझी वही उलटसुलट केली, चष्मा कपाळावर सरकवला :
“सात वर्षं एक नोंद न्हाई मास्तर,
आणि आज एकदम अख्खा कोटा?”
म्हटलं, रिटायर होतोय.
“लोकं रिटायर झाल्यावर काशीला जात्यात.”
म्हटलं, काशीत डुकरं भुईमूग उकरत न्हाईत.

पितळी तागडीत त्यांनी दारू ओतली,
आईच्या मिश्रीसारखी, तशीच बोटाला लागणारी.
“किती वर्षांचा हिशेब धरलाय?”
आबा एकाहत्तरला गेले. मी अठ्ठावन्न.
तेरा म्हणालो.
मग जरा लाजून, पंधरा.
ते हसले. “वही एकाच वर्षाचं देती.
दरसाल यावं लागंल तुम्हाला.”
असं बोलावणं
डेपोतनं कुणी दिलेलं नाही अजून.

शिसं उद्यमनगरातल्या टायरवाल्याकडनं,
चाकं तोलायचे तुकडे, पिशवीभर.
के.एम.टी.त चढताना पिशवी एवढी वाकली
की आमचाच पोरगा कंडक्टर म्हणाला,
“मास्तर, लगेज फाडू का?”

आता बोळे.
आबा नारळाचा काथ्या ठासायचे.
माझ्याकडं तिकिटं आहेत.
मशिनं आली त्या साली जुने गठ्ठे रद्दीत निघाले,
साहेबांना विचारून दोन घरी आणले,
कशाला, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.
गुलाबी, पोपटी, मळकी पिवळी,
लाल आकड्यांची.
यातलं एक कमी भरलं असतं तर मेमो.
शिरोलीच्या फेरीत एकदा पन्नास पैशांपायी
नऊ दिवस घरी बसलोय मी,
शेजाऱ्यांना ताप आलाय म्हणून सांगत.

रविवारी गावाकडं एक बार करून बघितला.
दारू, त्यावर पोपटी बोळा, गजानं तीनदा ठोकून,
छरे, त्यावर गुलाबी.
हात थरथरला. केप दुसऱ्यांदा बसली.
तोंड आभाळाकडं केलं,
कुणाला मारायचं नाही, नुसतं सांगायचं
की शेतावर माणूस आहे.
आवाज पाटगावच्या डोंगराला लागून
जरा उशिरानं परत आला.
खांदा मात्र लगेच बोलला.

सकाळी शालन वाफ्यातनं वेचून घेऊन आली
मूठभर कागद, कडा जळलेल्या,
एकावर आकडा अर्धा,
एकावर ‘अहस्तांतरणीय’ तेवढं शाबूत.
“ह्ये कुठं उतरणार हुतं?” म्हणाली.
पलीकडच्या सरीत खुरांचे ठसे होते,
कालचे की आजचे, कळेना.

पंच तर कधीच जमा केलाय मी.
तरी तिनं कागद पुढं धरला
तशी उजवी मूठ आपोआप मिटली,
कट्‌.